थोरलीची भाषा, धाकटीची भाषा

मुरबाडच्या आमच्या आळीत कुणाला दोन सुना आल्या की त्यांची तुलना करणं हा सगळ्यांचा हक्क समजला जातो. कुणाची भाकरी गोल, कुणाची जीभ तिखट, कोण सासूला विचारून चहा टाकते आणि कोण न विचारता. देसलेबाईंच्या थोरल्या सुनेचं माहेर फिलिपिन्समधलं सेबू आणि धाकटीचं लिथुआनिया. त्यामुळे तुलनेला ऊत आला होता. गिरणीवर, दवाखान्यात, भाजीबाजारात कुणी ना कुणी विचारायचंच, "बाई, दोघींत बरी कोन?"

बाई पिशवी खाली ठेवायच्या आणि धडा समजावून सांगावा तशा सुरू व्हायच्या. "हे बघा, थोरलीच्या भाषेत आधी काम येतं, मग माणूस. ‘खाल्ला पोराने भात’, असं. धाकटीच्या भाषेत शब्दाला शेपूट. शेपूट बघितल्याशिवाय कुणी कुणाला मारलं ते कळत नाय."

"बाई, मी सुनांचं इचारतंय."

"मी पण त्यांचंच सांगतेय."

विचारणारा कंटाळून निघून जायचा. सुनांची उणीदुणी बाईंच्या तोंडून कधीच कुणाला मिळाली नाहीत. त्यांच्या भाषांची मात्र हवी तितकी.

बाई गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. माझं झेरॉक्स आणि कुरियरचं दुकान त्यांच्या घराला लागून आहे. मी कामं यादी करून करते. शटर वर करण्याआधी दिवसाची कामं क्रमाने लिहायची, संध्याकाळी खोडायची. बाईंना ही सवय पसंत होती आणि तिची थट्टाही त्याच करायच्या. "मंगल, आज हसायचं कितव्या नंबरवर आहे गो?" त्यांच्याविषयी लिहायचं असं बरेच दिवस माझ्या यादीत होतं. रोज दुसऱ्या दिवसावर ढकलत होते.

बाईंचं सगळं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळांत गेलं. आधी डोळखांबच्या पाड्यांवर, मग शेणव्याला, शेवटी मुरबाडला. उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी. यजमान एसटीत होते, ते लवकर गेले. दोन मुलगे त्यांनी एकटीने वाढवले. बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायच्या, खडूची पूड झटकावी तशा. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी ती पूड काही संपली नव्हती.

डोळखांबची एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. त्या नव्या असताना पहिलीतली एक मुलगी रोज वर्गात रडायची. बाई शाळेच्या मराठीत विचारायच्या, काय झालं, घरची आठवण येते का, भूक लागली का. ती आणखी रडायची. शेवटी तिची आई लाकडाची मोळी भिंतीला टेकवून आत आली. "बाई, पोरीचा कान ठणकतंय. तुमी तिला आमच्या बोलीत इचारलाच नाय, तं ती सांगल कशी?" तेव्हापासून बाई ज्या पाड्यावर गेल्या, तिथे बाराखडी शिकवण्याआधी त्यांनी स्वतः एक शब्द शिकून घेतला. इथे ‘दुखतं’ला काय म्हणतात? मग पाणी, मग भूक, मग बाकीचं.

सुनांनाही त्यांनी हाच क्रम लावला. थोरला मिलिंद क्रूझ जहाजावर इलेक्ट्रिशियन. त्याच जहाजाच्या लाँड्रीत मारिसेल होती. लग्न करून तो तिला घेऊन आला तेव्हा ओवाळून होताच बाईंनी तिला पाटावर बसवलं आणि आपल्या शाळेपुरत्या इंग्रजीत विचारलं, तुझ्या भाषेत ‘दुखतं’ला काय म्हणतात. नव्या नवरीला वाटलं, सासूला काहीतरी होतंय. "साकित," ती घाबरून म्हणाली आणि उठून बाईंचं कपाळ चाचपायला लागली. दारातल्या बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि सुनेचा हात कपाळावर तसाच राहू दिला.

मिलिंद जहाजावर असला की मारिसेल महिनेच्या महिने बाईंकडे राहायची. त्यांची शाळा स्वयंपाकघरात भरायची. बाईंनी सांगितलं, शेतात उभा तो भात, गिरणीतून येतो तो तांदूळ, आणि शिजला की पुन्हा भात. मारिसेल म्हणाली, आमच्यात तिन्हींना तीन नावं आहेत. शेतातला हुमाय, गिरणीतला बुगास, ताटातला कान-ओन. "आपल्याहून एक जास्त," बाई मुद्दाम दुकानात येऊन मला सांगून गेल्या. ‘हळूहळू’ला ती हिनाय-हिनाय म्हणायची आणि साबणाला साबोन. आपण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द वापरतो, समोरच्याला धरून आणि समोरच्याला सोडून, तसेच तिच्याकडेही दोन होते, किता आणि कामी. ते कळल्यावर बाईंनी तिला त्या दिवशी भांडी घासू दिली नाहीत.

धाकटा नितीन आयर्लंडमध्ये, म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात कामाला. तिथल्या स्वयंपाकघरात रासा. दोघांनी तिकडेच नोंदणी करून लग्न केलं आणि त्या हिवाळ्यात ती महिनाभर मुरबाडला आली. आळीने पहिल्याच दिवशी तिचा ‘रस्सा’ केला. बाईंनी कुणाला टोकलं नाही. तिच्या भाषेत रासा म्हणजे दव, एवढं फक्त येईल त्याला सांगत राहिल्या. आठवड्याभरात रस्सा बंद झाला.

रासाच्या भाषेने बाईंची झोप उडवली. दात तो दान्तिस, धूर तो दूमाय, विस्तव उग्निस, मेंढी आविस, मुलगा सूनुस. कॉलेजात घेतलेलं संस्कृत त्यांना एकेक करून आठवायला लागलं. शिवाय विभक्ती. आपण लहानपणी ‘स ला ते’ घोकलं तसं रासाला पाटावर बसवून त्यांनी साती विभक्ती म्हणून घेतल्या. मारिसेल कांदा चिरता चिरता डोळे पुसत हसत होती. पिढ्यान्‌पिढ्या पत्ता नसलेली चुलत बहीण दारात उभी राहावी, असा बाईंचा चेहरा झाला होता. पण थोरली शेजारीच बसली होती, म्हणून निकाल त्यांनी फार सांभाळून दिला. "रक्ताने धाकटीची भाषा जवळची. ताटाने थोरलीची." हे दोघींना इंग्रजीत समजावून सांगेपर्यंत आमटी करपली.

त्याच हिवाळ्यात बाई दोघींना म्हशाच्या जत्रेला घेऊन गेल्या. मीही होते, कारण पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि परतीची गाडी कुणीतरी सांभाळायला हवी होती. मारिसेल जत्रेत घरच्यासारखी फिरली. जानेवारीत सेबूतही बाळ येशूची मोठी जत्रा भरते, असेच ढोल, अशीच धूळ. रासा मात्र गुरांच्या बाजारात एका गाईपाशी थांबली ती हलेचना. तिने गाईच्या मानेखाली खाजवलं, कानामागे हात फिरवला आणि तशीच उभी राहून रडायला लागली.

गाईचा मालक गांगरला. "मी कायच बोललो नाय हां बाई."

बाईंनी रासाच्या पाठीवर हात ठेवला. "स्काउदा?" त्यांनी विचारलं. तिच्या भाषेत, दुखतंय का. रासाने होकारार्थी मान हलवली. मग पेंढ्याच्या भाऱ्यावर बसून तिने इंग्रजीत सगळं सांगितलं. तिची आई आल्दोना, कौनास शहराजवळच्या खेड्यात एकटी राहते. एक गाय, थोडे बटाटे. गावातली तरणी माणसं सगळी परदेशी गेलेली. रासाही थोडे पैसे जमले की परत येईन असं सांगून गेली आणि लग्न करून मोकळी झाली. आईला मागाहून कळवलं. तेव्हापासून आई तिचा फोन उचलत नव्हती.

मालकाने थोडा वेळ वाट पाहिली. "मंग, गाय पायजे का हिला?"

"आई पायजे," बाई म्हणाल्या.

रासा आयर्लंडला परत गेली आणि उन्हाळ्यात तिला दिवस राहिल्याची बातमी आली. बाईंनी पेढे वाटले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, निदान आई उशाशी हवी, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. "मी गेले तरी मी सासू," त्या म्हणाल्या. "कळा सोसताना सासूसमोर धड ओरडताही येत नाय." विहिणीला आपणच फोन करायचा असं त्यांनी ठरवलं.

त्यांचे दीर दत्ताभाऊजी शहापूरहून मुद्दाम आले. "वयनी, आपण मुलाकडचे. त्यांना गरज आसंल तर त्या करतील. आपण का वाकायचं?"

"भाऊजी, लग्नात मान मिळाला का आपल्याला?"

"लग्नाला बोलावलंच कुठं."

"मग जो मिळालाच नाय तो सांभाळू कशाला?"

फोन माझ्या दुकानातून लावायचा ठरला, कारण इंटरनेट माझ्याकडे बरं चालायचं. रविवारी संध्याकाळी मी शटर अर्धं ओढलं. बाईंना मुद्दे लिहून दिले होते. ओळख, बाळाची बातमी, रासाची तब्येत, विनंती, प्रवासाची तारीख. त्यांनी कागद वाचला, "छान झालंय" म्हणाल्या आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिला.

पलीकडे फोन उचलला गेला. बाई ताठ बसल्या. "लाबा द्येना," असा नमस्कार केला आणि म्हणाल्या, "अश रासोस अनीता."

पलीकडचा आवाज एकदम चढला. आल्दोनाला वाटलं, मुलीचं काही बरंवाईट झालं. बाईंनी घाईघाईने सांगितलं, सगळे बरे आहेत. मग विचारलं, तिकडे पाऊस आहे का? होता. गाय कशी आहे? बरी आहे. मग निरोप घेऊन फोन ठेवला.

"बाई, तुमचं नाव कमल," मी म्हटलं. "अनीता कशाला सांगितलंत?"

"अगं, त्यांच्यात अनीता म्हणजे सासू."

हे आळीतल्या अनीताच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे माज्या आयबापानी बारशालाच माजं वाटोळं केलं."

"आणि बाकीचे मुद्दे?" मी विचारलं.

"पहिला झाला ना," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी बटाटे झाले. त्याच्या पुढच्या रविवारी आल्दोनाचा गुडघा. मग चुलीतला धूर, मग पुन्हा गाय. रासाचं नाव ना बाई काढायच्या, ना ती. शनिवारी बाई रासाकडून फोनवर शब्द शिकायच्या आणि रविवारी तिच्या आईशी बोलायच्या. रविवारी रात्री रासा विचारायची, माझं नाव निघालं का? बाई खरं तेच सांगायच्या.

माझा धीर सुटत चालला. "बाई, सातवा लागेल तिला."

"लागू दे. आपण कुणाकडे मागायला जातो तेव्हा आधी ओटीवर टेकतो, पाणी पितो, गुरांची चौकशी करतो. उभ्या उभ्या मागायला मी काय वर्गणीवाली आहे?"

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. शनिवारी रासाशी बोलताना बाईंची जी वाक्यं नीट यायची, तीच रविवारी चुकायची. आल्दोना त्यांना थांबवायची, दुरुस्त करायची, पुन्हा म्हणून घ्यायची. तिचा आवाज दर आठवड्याला थोडा मोठा होत होता. मी बाईंना विचारलं, हे मुद्दाम करता ना?

"जे पोर वर्गात बोलत नाय, त्याला प्रश्न विचारून काय मिळत नाय," त्या म्हणाल्या. "त्याच्यासमोर आपण चुकायचं. मग ते बोलतं."

आणि एका रविवारी त्या खरोखर चुकल्या. आल्दोना सांगत होती की गोठ्याचं छप्पर गळतंय, शिडी लावून स्वतःच चढणार आहे. बाई घाबरल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हिनाय-हिनाय." हे काय, असं आल्दोनाने विचारलं. बाईंनी सांगितलं, माझ्या थोरल्या सुनेची भाषा, जपून, हळूहळू. तिने विचारलं, त्या सुनेला आई आहे का? आहे. ती लेकीशी बोलते का? बाई म्हणाल्या, रोज.

फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

पुढच्या रविवारी आल्दोनाने फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मारिसेलचा चेहरा उतरला. "आई, माझ्या शब्दाने झालं," ती आपल्या नव्या मराठीत म्हणाली.

"तुझ्यामुळे नाय गो. मी खोटं बोलायला हवं होतं. ते मला त्या भाषेत येत नाय."

दत्ताभाऊजींनी फोनवरून "सांगितलं होतं" एवढंच ऐकवलं. बाई दुपारी दुकानात येऊन बसायच्या. बोटांची ती खडू झटकायची हालचाल थांबली होती. मी काही सुचवायला गेले की म्हणायच्या, "राहू दे. मी तिच्या दुखऱ्या कानालाच हात लावला."

मग एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईकांची रांग असताना बाईंचा फोन वाजला. आल्दोना होती. बाई उभ्या राहिल्या. या वेळी पाऊस नाही, गाय नाही. "का रासा वाल्गो?" एवढंच तिने विचारलं. बाईंनी रांगेकडे पाठ केली आणि सावकाश उत्तर दिलं. "नोरी तावो द्वोनोस."

मशीनमध्ये कागद अडकला होता, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही. पलीकडे रडणं ऐकू येत होतं, आणि रडता रडताच रागावणं. बाई नुसत्या हुंकार देत होत्या. बराच वेळ. फोन ठेवल्यावर त्यांनी मला सांगितलं. बाळाची बातमी तिला गावातल्या कुणाकडून तरी आधीच कळली होती; रासा काय खाते, असं तिने विचारलं होतं. आणि बाईंनी सांगितलं होतं, तुझी भाकरी मागते. रासाला डोहाळे लागले होते ते आईच्या भट्टीतल्या, राय नावाच्या तिकडच्या धान्याच्या काळ्या भाकरीचे. बाईंना ते दोन महिने ठाऊक होतं.

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"डोहाळे आईने विचारायचे असतात. तिने विचारल्याशिवाय मी सांगितलं असतं तर तो टोमणा झाला असता."

माझ्या यादीतले उरलेले मुद्दे त्या एका फोनमध्ये आल्दोनानेच उरकले. तारीख कधीची, कुणाबरोबर येऊ, विमानात भाकरी नेऊ देतात का. आयुष्यात पहिल्यांदा ती विमानात बसली. गाय शेजारणीकडे आणि सामानात कपड्यांपेक्षा भाकऱ्या जास्त. रासाला मुलगी झाली तेव्हा ती उशाशी होती. नितीनने पाठवलेल्या फोटोत एक रुंद खांद्यांची, स्कार्फ बांधलेली बाई बाळाला धरून उभी होती आणि कॅमेऱ्याकडे संशयाने बघत होती. बाई तो फोटो आळीभर दाखवत फिरल्या.

"तुमी नाय गेलाव?" लोक विचारायचे.

"पहिलं बाळंतपण आईचं. माझा नंबर दुसऱ्याला."

दुसऱ्यापर्यंत बाई राहिल्या नाहीत. वर्षभरात त्यांना धाप लागायला लागली. जिना बंद झाला, बाजार बंद झाला. दिवाळीनंतर भाचीच्या लग्नासाठी मी चार दिवस शहापूरला गेले आणि मी तिथून परत यायच्या आतच त्या गेल्या. झोपेत गेल्या, मारिसेल जवळ होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे दुकानाच्या चाव्या द्यायला गेले होते. बाई ओटीवर भिंतीला टेकून चवळीच्या शेंगा सोलत होत्या. समोर तांब्याला टेकवून फोन उभा केला होता. त्यात आल्दोनाचं स्वयंपाकघर दिसत होतं. ती भलीमोठी सुरी घेऊन कोबी बारीक चिरत होती. रासा नातीला घेऊन माहेरी आली होती. नात टेबलाखाली बसून कोबीचं पान चावत होती, तिचा फक्त एक पाय दिसत होता. कुणीच बोलत नव्हतं.

"नेट गेलं वाटतं," मी म्हटलं.

"नाय, चालू आहे."

"मग बोलत का नाही?"

"ती कोबी चिरतेय ना," बाई म्हणाल्या.

मी पायरीवर टेकले. सुरीचा आवाज येत होता, मध्येच शेंग फुटल्याचा. थोड्या वेळाने आल्दोनाने मान वर न करता काहीतरी विचारलं. बाईंनीही मान वर न करता एका शब्दात उत्तर दिलं. तिने होकार दिला आणि चिरलेला कोबी पातेल्यात लोटला. काय विचारलं ते मी विचारलं नाही. चाव्या बाईंच्या बाजूला ठेवल्या. त्यांनी डोळ्यांनीच मला जा म्हटलं आणि पुढची शेंग उचलली.